गुंडीचे पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि माझ्यामुळे एका लहान मुलीचे पाय वाकडे झाले. हे आधीच सांगून टाकतो. पुढे बोलता बोलता मी माझीच स्तुती करू लागेन, कारण ती खोड मला पहिल्यापासून आहे. तसे झाले की तुम्ही खुशाल मला आवरा.

मी साधासुधा दिवा नाही. बघा, झाली सुरुवात. मी रंगजुळणीचा दिवा आहे. पत्र्याची लांबट पेटी, आत दोन पांढऱ्या नळ्या, वर टांगायला दोन साखळ्या आणि बाजूला लोंबणारी एक दोरी. दोरी ओढली की मी लागतो, पुन्हा ओढली की विझतो. पिवळ्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा धागा सारखाच दिसतो. माझ्याखाली तसे होत नाही. दिवसा उघड्यावर रंग जसे दिसतात तसेच्या तसे दाखवायचे, एवढ्यासाठीच मला बनवले गेले.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथे एक तपासनीस बाई होत्या. फार कडक. त्या उत्तरेच्या खिडकीशी बसत आणि रंगीत कागदांचा एक गठ्ठा आधी खिडकीच्या उजेडात आणि मग आमच्या उजेडात धरून बघत. एखादा दिवा जरासा जरी पिवळट निघाला तरी नाक मुरडून बाजूला ठेवत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी तीनदा कागद खालीवर केले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "हा अगदी दिवस आहे." मग माझ्या पेटीवर शिक्का मारला. मित्रांनो, ते चार शब्द माझ्या डोक्यात गेले ते गेलेच. त्यांनी फक्त रंग तपासले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही.

मला विकत घेतले एका रफूवालीच्या नवऱ्याने. रफूवाली एका तळघरात राहायची. एकच लांबट खोली होती. पुढे काम, मागे चूल आणि अंथरूण, मध्ये कपड्यांचे गठ्ठे. रस्त्यावर जायला चौदा पायऱ्या चढाव्या लागत. नवरा सायकलवरून गावभर हिंडून लाँड्र्यांतून आणि घराघरांतून फाटके कपडे गोळा करी आणि दुरुस्त झाले की पोचवून येई. उन्हातान्हात फिरून तो चांगला रापला होता. ती मात्र दिवसभर सुई घेऊन खाली.

तिचे काम बघण्यासारखे होते. कोटाला विडीने भोक पडलेले असो, शालीला कसर लागलेली असो, ती त्याच कपड्याच्या शिवणीच्या आतून चार धागे उपसून काढायची. मग ते धागे सुईने भोकावर आधी उभे आणि मग आडवे विणायची. काम झाले की भोक कुठे होते ते मालकालाही सापडत नसे. पण कपड्यातून धागा निघण्यासारखा नसला तर तो बाहेरून जुळवावा लागे आणि तिथेच खरी परीक्षा असायची. मी यायच्या आधी ती त्यासाठी कपडा आणि धाग्यांची मूठ घेऊन चौदा पायऱ्या चढून दारात जायची. उन्हात धागा कपड्यावर ठेवून बघायची, पटला नाही तर खाली येऊन दुसरा घेऊन जायची. दिवसाकाठी दहा-बारा चकरा सहज व्हायच्या. त्या चकरांना ती कंटाळायची आणि जिन्याला शिव्या द्यायची.

ती पाचव्या महिन्याची गरोदर असताना एकदा जिन्यात तिचा पाय घसरला. काही झाले नाही, भिंतीला धरून ती सावरली. पण नवऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्याच दिवशी तो मला सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आला. येताना मी जुन्या चादरीत गुंडाळलेला होतो, त्यामुळे रस्ता काही मला दिसला नाही.

"आता जिना बंद," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला, याच्यात आणि बाहेरच्या उजेडात काडीचाही फरक नाही."

"दुकानदार तसं म्हणणारच," ती म्हणाली. "मी बघते."

मला टांगल्यावर तिने माझी परीक्षा घेतली. सात रंगांचे सात धागे माझ्याखाली एका करड्या कोटावर ठेवले आणि त्यातला एक निवडला. मग पोट सांभाळत, एकेका पायरीवर थांबत ती वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तोच धागा होता. ती नवऱ्याकडे बघून हसली आणि माझ्या पेटीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून तिने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. मी त्याला पात्र आहे असे मला वाटत होते.

मुलगी झाली. गोल चेहरा, गोल डोळे, म्हणून तिचे नाव पडले गुंडी. कोटाच्या गुंड्यांचा डबा शेजारीच असायचा, त्यावरून रफूवालीला ते सुचले असावे. जन्मली तेव्हा गुंडीचे पाय सरळ होते. मी सांगतो, मी पाहिले आहेत. रोज तिला माझ्याखालीच तेल लावत.

रफूवालीने एका मोठ्या टोपलीत मऊ कापडे घालून गुंडीची जागा केली आणि टोपली बरोबर माझ्याखाली ठेवली. इकडे सुई चाले, तिकडे पायाने टोपलीला हलका झोका चाले. गुंडी माझ्या नळ्यांकडे टक लावून बघे आणि स्वतःशीच हसे. मी खुशीत असायचो. एवढे निरखून माझ्याकडे त्या तपासनीस बाईंनीही कधी पाहिले नव्हते.

गुंडी तीन महिन्यांची असताना रफूवालीची थोरली नणंद आली. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. हात पुरुषासारखे दणकट आणि बोलणे रोखठोक. तिने गुंडीला उचलले, निरखून बघितले आणि विचारले, "हिला उन्हात नेतेस की नाही?"

"ताई, वर केवढी धूळ असते," रफूवाली म्हणाली. "आणि काम टाकून जाऊ कशी? पांढऱ्या शाली पडल्यात, बघा ना."

"अर्धा तास गं. शाली कुठे पळून जात नाहीत."

"इथे काय कमी उजेड आहे?" रफूवालीने माझ्याकडे बोट दाखवले. "दारात जुळतो तोच धागा याच्याखाली जुळतो. मी स्वतः ताडून पाहिलंय. धाग्याला फरक कळत नाही, तर पोरीला काय कळणार?"

नणंद इस्त्रीतली. तिला धाग्यातले कळत नव्हते. ती म्हणाली, "मी अडाणी बाई, पण मला हे पटत नाही बाई," आणि गुंडीचा पापा घेऊन निघून गेली. रफूवालीला आपण जिंकलो असे वाटले. मलाही वाटले. मी त्या संध्याकाळी जरा जास्तच तोऱ्यात लखलखत होतो. नणंदबाईंना माझी पारख नाही, असेही मनात म्हणून घेतले.

आता त्या आठवणीने मला मेल्याहून मेल्यासारखे होते. कारण रफूवाली मूर्ख नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. दहा वर्षे जिने उजेड फक्त धाग्यावर तपासला, तिने पोरीसाठीही तो धाग्यावरच तपासला.

दिवस जात होते. गुंडीला बसायला उशीर झाला, दातांना उशीर झाला. झोपेत तिचे डोके घामाने भिजायचे आणि उशीवर ओला गोल उमटायचा. रफूवाली म्हणे, "तळघरात उकडतं." ती स्वतःही पूर्वीसारखी राहिली नव्हती. जमिनीवरून उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून उभी राहायची. कंबर दुखे, मांड्या भरून येत. ती म्हणे, बाळंतपणाने अंगातला जोर गेला. नवरा म्हणे, बसून बसून होते. मला वाटे, माझ्या उजेडात एवढे बारीक काम करते, थकणारच. प्रत्येकाकडे आपापले उत्तर तयार होते आणि मायलेकी वर जात नव्हत्या.

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती कुणालाच ठाऊक नाही. गुंडी दहा महिन्यांची असताना नळ्या पेटवणारा माझा चोक जळाला. फडफड, फडफड आणि मी गप्प. नवरा चोक आणायला गेला तर तो मिळेना. माझ्या पेटीला लागणारा चोक मागवावा लागणार होता. झाले, आठ दिवस रफूवालीने आपले काम वर नेले. दारात पोते अंथरले, मांडीवर कोट, शेजारी टोपली, टोपलीत गुंडी. मी खाली अंधारात लटकत होतो आणि वरून आवाज ऐकत होतो. गुंडी मोठमोठ्याने किंचाळून हसत होती. माझ्याकडे बघून ती कधी अशी हसली नव्हती. रफूवाली गुणगुणत होती. चौथ्या दिवशी ती खाली पाणी प्यायला आली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "वर बरं वाटतं हो. मी विसरूनच गेले होते."

मला राग आला. खरे सांगतो, मला त्या वरच्या उजेडाचा हेवा वाटला. मी त्याच्याइतकाच चांगला आहे असा माझ्या पेटीवर शिक्का होता, मग ती गुणगुणली कशी? आठव्या दिवशी नवा चोक आला. बसवला, दोरी ओढली आणि मी एका झटक्यात लागलो. एरवी मला जरा वेळ लागतो, दोनदा लुकलुकतो आणि मग पेटतो. त्या दिवशी मी लुकलुकलोसुद्धा नाही. रफूवाली म्हणाली, "चला, आला आपला दिवा," आणि टोपली पुन्हा माझ्याखाली आली.

दिव्याच्या हातात काय असते, असे तुम्ही म्हणाल. दोरी ओढली की लागायचे, हेच ना? मीही स्वतःला असेच समजावतो. पण त्या दिवशी मला आनंद झाला होता, ते काही दोरीमुळे नव्हे.

गुंडी दीड वर्षाची झाली तरी चालेना. टेबलाचा पाय धरून उभी राही, थोडी थरथरे आणि मग फतकल मारून बसे. बसली की रडे. तिचे पाय गुडघ्यांपासून बाहेरच्या बाजूला वाकत चालले होते. रोज बघणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही. नणंद चार महिन्यांनी आली आणि दारातच थबकली.

"हिचे पाय कधीपासून असे आहेत?" तिने विचारले.

"कसे?" रफूवाली म्हणाली.

नणंदेने गुंडीला दोन्ही काखांत धरून माझ्याखाली उभे केले. "नीट बघ. तुझ्या दिव्यात तरी बघ."

रफूवालीने बघितले. माझ्या उजेडात सगळे स्पष्ट दिसते, तेही दिसले. दोन टाचा एकमेकींना चिकटलेल्या आणि गुडघ्यांमध्ये मूठ जाईल एवढी फट. तिच्या हातातली सुई खाली पडली आणि ती शोधायला ती वाकली नाही.

त्याच दिवशी ते गुंडीला दवाखान्यात घेऊन गेले. दुपारी गेले ते दिवेलागणीला परत आले. रफूवाली आली ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि नवऱ्याने बहिणीला सगळे सांगितले, तेव्हा मलाही कळले.

डॉक्टरीणबाईंनी गुंडीची मनगटे चाचपून पाहिली, ती सुजल्यासारखी जाड झाली होती. बरगड्या चाचपल्या. हाडांचा फोटो काढला. मग विचारले, "दिवसभर बाळ कुठं असतं?" रफूवालीने सांगितले, तळघरात, पण उजेड भरपूर आहे, अगदी बाहेरच्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "बाई, उजेड आणि ऊन वेगळं. अंगावर ऊन पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तर खाल्लेला चुना हाडात बसतो. ते नसेल तर हाडं मऊ राहतात आणि अंगाचा भार पडला की वाकतात. तुमच्या दिव्यात ते होत नाही. त्याच्याखाली बाळ शंभर वर्षं ठेवलं तरी होणार नाही." मग त्यांनी रफूवालीलाच खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितले. तिला उठता आले नाही. "तुमचीही हाडं तशीच झाली आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात नाही, तर दुधातून हिला कुठून मिळणार?"

 'मी सांगितलं होतं' असे म्हणण्याचा नणंदेला पुरेपूर हक्क होता. पण तिने रफूवालीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि गुंडीला मांडीवर घेतले.

"मीच केलं हे," रफूवाली म्हणाली. "माझ्या हातानं टोपली ठेवली मी."

"दिवा मी आणला," नवरा म्हणाला.

"तुम्ही जिन्यासाठी आणलात. मी त्याला ऊन म्हटलं."

दोघे एकमेकांचा दोष आपल्याकडे ओढून घेत होते आणि मी दोघांच्या डोक्यावर लखलखत होतो. माझ्याकडे कुणी रागाने पाहिले असते, एखादा जोडा फेकून मारला असता, तरी मला बरे वाटले असते. कुणी पाहिलेही नाही. रफूवाली उठली, भिंत धरून, आणि तिने दोरी ओढून मला विझवले. मागच्या चुलीजवळच्या छोट्या पिवळ्या दिव्यात ती रात्रीपर्यंत गुंडीचे पाय चोळत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून औषधाचे थेंब सुरू झाले, गुंडीला आणि तिच्या आईलाही. आणि ऊन सुरू झाले. रफूवालीने दारात पुन्हा पोते अंथरले. पायऱ्या चढताना ती दर तिसऱ्या पायरीला थांबायची, गुंडी कडेवर. रस्त्यावरची धूळ शालींवर बसू नये म्हणून तिने वर फक्त काळे आणि करडे कपडे न्यायचे ठरवले आणि पांढरे काम संध्याकाळी माझ्याखाली करायचे. मी आता दिवसातून दोन तास लागू लागलो. बाकी वेळ मी अंधारात लटकून पावलांचे आवाज मोजायचो. मला त्यात फक्त रफूवालीची जड पावले ऐकू येत. दुसरी पावले अजून नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की लहान वयातली हाडे आहेत, बरीचशी सरळ होतील, पण किती ते आज सांगता येणार नाही. त्या 'किती'ने माझा जीव टांगणीला लागला. तसा मी कायमच टांगलेला असतो, पण हे टांगणे वेगळे होते.

या काळात आणखी एक वाईट गोष्ट घडली. लोक विचारू लागले. दारात बसले की येणारे-जाणारे बघतातच. एका गिऱ्हाईक बाईने विचारले, "पोरीच्या पायांना काय झालं?" रफूवाली म्हणाली, "जन्मतःच आहेत तसे." दुसऱ्याला सांगितले, आमच्या घराण्यातच आहे. शेजारणीला सांगितले, टोपलीतून पडली होती. संध्याकाळी खाली आली की ती नवऱ्यालाही हे सांगत नसे. पण दार उघडेच असायचे, त्यामुळे प्रत्येक खोटे चौदा पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत येत होते.

आणि मला बरे वाटत होते. माझे नाव निघत नाही, याचे बरे वाटत होते. ती आपली लाज झाकत होती आणि तिच्या पदराखाली मीही लपून बसलो होतो.

गुंडी दोन वर्षे एक महिन्याची झाली, तेव्हा एका दुपारी वरून आवाज आला. पोत्यावर काहीतरी थपथप पडत होते. आधी मला वाटले, रफूवाली कोट झटकते आहे. मग ती ओरडली नाही, हसली नाही, फक्त म्हणाली, "ये. अजून एक. ये." थप. "अजून एक." थप. मी मोजली. सहा पावले होती. सहाव्यानंतर रडण्याचा आवाज आला तो गुंडीचा नव्हता.

त्यानंतर पाय हळूहळू सुधारत गेले. उजवा जवळजवळ सरळ झाला. डाव्यात थोडा बाक राहिला. तो पुढे जाईल कदाचित, किंवा राहीलही. गुंडी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा ती पळायचीसुद्धा, जरा बदकासारखी, पण पळायची. रफूवालीही आता भिंत न धरता उठत होती. मग नवऱ्याला रस्त्याच्या पातळीवर, दारासमोर मोकळी जागा असलेली एक खोली मिळाली आणि सगळ्यांनी तळघर सोडायचे ठरवले. नव्या खोलीत माझी गरज नव्हती. नवरा म्हणाला, दिवा चांगला आहे, कुणाला तरी देऊन टाकू.

दोन गल्ल्या पलीकडची एक शिंपीण मला बघायला आली. ती सातव्या महिन्याची गरोदर होती. जिना उतरून खाली येईतो तिला धाप लागली. तिचीही जागा तळघरातच होती.

तिने माझी दोरी ओढली, आपल्याबरोबर आणलेले दोन-तीन धागे माझ्याखाली धरले आणि तिचा चेहरा उजळला. "अगदी बाहेरच्यासारखं दिसतं हो," ती म्हणाली. "मी दिवसभर खालीच असते. आता पोर झालं की तेही खालीच राहणार. निदान एवढा उजेड तरी मिळेल त्याला."

नवरा गठ्ठे बांधत होता. त्याने मान वर केली आणि रफूवालीकडे पाहिले.  रफूवाली धाग्यांच्या रिळांवरची धूळ पुसत होती आणि तिचा हात थांबला होता. मला तिच्या मनातले कळत होते, कारण माझ्या मनातही तेच होते. गप्प राहिले तर काहीच होणार नव्हते. ही बाई मला घेऊन जाईल, आम्ही पुन्हा तिला भेटणार नाही, आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे तेच ठाऊक राहील, की पाय जन्मतःच तसे आहेत.

"गुंडे," रफूवालीने हाक मारली. "इकडे ये जरा."

गुंडी पळत आली. रफूवालीने तिला बरोबर माझ्याखाली उभे केले आणि तिचा फ्रॉक गुडघ्यांच्या वर धरला.

"हा डावा पाय बघ," ती शिंपिणीला म्हणाली. "मी लोकांना सांगते, हा जन्मतःच असा आहे. तो तसा नव्हता. जन्मली तेव्हा हिचे दोन्ही पाय सरळ होते. मी दीड वर्ष हिला या दिव्याखाली ठेवलं. उन्हाऐवजी. नणंद सांगत होती वर ने म्हणून, तिलाच मी शहाणपण शिकवलं."

शिंपीण गुंडीच्या पायाकडे बघत राहिली. गुंडीला गुदगुल्या झाल्या असाव्यात, ती खुदकन हसली.

"दिवा ने तू," रफूवाली म्हणाली. तिने फ्रॉक अजून खाली सोडला नव्हता. "रंगात कधी दगा देणार नाही तो. पण पोर झालं की त्याला रोज वर ने. काम पडू दे, गिऱ्हाईक ओरडू दे. तुला बाहेर बसायचा कंटाळा आला तरी ने. आणि तू स्वतः पण जा, आत्तापासून. माझं नाव सांग हवं तर. रफूवालीनं असं केलं म्हणून सांग सगळ्यांना."

शिंपीण माझ्याकडे बघू लागली. तिने मला घेऊ नये असे मला वाटत होते. मी असे मनापासून इच्छिले, आयुष्यात पहिल्यांदाच. पण तिने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "संध्याकाळपुरता नेते." मग रफूवालीचा हात धरून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत वहिनी." रफूवालीने मान हलवली. 

नवऱ्याने मला वर नेले तेव्हा या वेळी कुणी चादर गुंडाळली नाही. दारात आल्यावर मी सूर्य पाहिला. मित्रांनो, तपासनीस बाईंची खिडकी उत्तरेची होती, तिथे ऊन कधीच येत नसे. मी सूर्याला कधी पाहिलेच नव्हते आणि इतकी वर्षे त्याची जागा घेऊन बसलो होतो. गुंडी पायरीवर उभी होती, तिच्या केसांवर, गालांवर, त्या डाव्या पायावर ऊन पडले होते. मला त्यात रंग दिसले, ते तर माझ्यातही होते. बाकी जे काही होते ते मला दिसले नाही, दिसणारही नाही. मी कशाची बरोबरी करत होतो हेच मला कळत नव्हते.

आता मी शिंपिणीच्या तळघरात टांगलेला आहे. तिला मुलगा झाला, त्याला पाच महिने झाले. आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की शेवटी हात जोडतात आणि म्हणतात, आमची काळजी घ्या, आमच्यावरची धूळ पुसा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. तुम्ही बंद खोलीत दिवे लावून वाचत असाल, खेळत असाल, पडदे ओढून दिवसच्या दिवस पडद्यावरची चित्रे बघत असाल, तर आमच्यावर भरवसा ठेवू नका. आम्ही तुम्हाला उजेड देऊ, पण तो पुरे आहे असे आम्ही म्हटले तर ते खोटे आहे. आणि तुमच्या घरात एखादे लहान बाळ असेल, तर आमची दोरी ओढा, त्याला उचला आणि बाहेर जा.

आज सकाळी शिंपिणीने मला लावले होते, एका कोटाची गुंडी शोधायला. गुंडी सापडली आणि ती तशीच कामाला बसली. पोर तिच्या मांडीशी माझ्याकडे बघत हात हलवत होते. मी घाबरलो. मग तिने वर माझ्याकडे पाहिले, थोडी थांबली, सुई कोटाला टोचून ठेवली आणि दोरी ओढली. आता ती दोघे वर आहेत. मी अंधारात वाट बघतो आहे, पण त्यांनी सावकाश यावे एवढेच मला वाटते.